अणूचं पुस्तक आणि आर्थर रोडचं फाटक

आमच्या शहाडपासून आधारवाडीचं कारागृह फार लांब नाही. गाडीत कुणी त्याचा विषय काढला, की एक वाक्य हमखास कानी पडतं, ‘एकदा आत गेला, की माणसाचे हक्क संपले.’ हे खरं आहे का? १९६५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न आला, आणि तोही एका मराठी पुस्तकामुळे.

चीनशी युद्ध पेटलं आणि ऑक्टोबर १९६२मध्ये आणीबाणी जाहीर झाली. पुढच्याच महिन्यात कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी यांना भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात स्थानबद्ध केलं गेलं. खटला नाही, शिक्षा नाही. तिथं त्यांनी सरकारच्या परवानगीनंच ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचं पुस्तक लिहिलं. विषय मूलकणांचा. त्यात ना घोषणा, ना मोर्चा! सप्टेंबर १९६४मध्ये हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवू द्या, असा अर्ज त्यांनी केला. सरकारनं नकार दिला, तुरुंगाच्या अधीक्षकांनीही दिला. लिहायला हरकत नाही, पण कागद फाटकाबाहेर जाता कामा नये! आम्हा लिहिणाऱ्यांना यातली तगमग वेगळी सांगावी लागत नाही.

संझगिरी उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्तींनी पुस्तकाची अनुक्रमणिका पाहिली आणि निकाल त्यांच्या बाजूनं दिला. सरकार अपिलात दिल्लीला गेलं. तिथं सरकारी बाजूचं म्हणणं असं, की स्थानबद्धाला १९५१च्या स्थानबद्धतेच्या अटींत लिहिलेल्या सवलतीच काय त्या मिळतात. पुस्तक छापण्याची सवलत त्यांत लिहिलेली नाही, म्हणून ती नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी हा युक्तिवादच उलटा करून दाखवला. असं मानलं, तर अटींत जेवणाचा उल्लेख राहून गेल्यास माणसाला उपाशी मारायलाही सरकार मोकळं! अटी बंधनं सांगतात, हक्क वाटत नाहीत. जे बंधनात नाही ते माणसाकडेच उरतं. आणीबाणीत कोर्टाचं दार बंद होतं हे खरं, पण ज्याची गळचेपी संरक्षण कायद्यानुसार झाली त्याच्यापुरतंच. इथं तर पुस्तक अडवणारा नियमच नव्हता. अपील फेटाळलं गेलं. तारीख होती ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी आपलं सैन्य लाहोरच्या दिशेनं सरहद्द ओलांडत होतं, हे विसरू नये.

टिळकांना असं कोर्ट मिळालं नव्हतं. मंडालेत लिहिलेलं ‘गीतारहस्य’ सुटकेनंतर सरकारकडून हाती यायची त्यांना वाट पाहावी लागली.

गंमत म्हणजे सातासमुद्रापार वर्षभर आधी असाच झगडा झाला होता. इलिनॉयच्या तुरुंगातल्या थॉमस कूपर या कृष्णवर्णीय मुस्लिम कैद्याला धर्माची पुस्तकं विकत घेऊ देत नव्हते. त्यानं थेट अधीक्षकावर दिवाणी दावा लावला. १८७१च्या नागरी हक्क कायद्याखाली त्याचा दावा ऐकला पाहिजे, असं जून १९६४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं.

आपल्याकडे मात्र पुढच्या आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ला, सर्वोच्च न्यायालयानंच स्थानबद्धांना दार लावून घेतलं. तो निकाल चुकीचा होता, हे न्यायालयानं स्पष्टपणे म्हणायला २०१७ साल उजाडलं.