मीठ वाहणाऱ्या बंजाऱ्यांवर ‘गुन्हेगार’ हा शिक्का कसा बसला?

तिरोडा स्टेशनवर थोडा वेळ थांबलात तर एखादी लांबलचक मालगाडी समोरून जातेच. हा मुंबई-हावडा मार्ग. पण रूळ पडायच्या आधी इथला माल कोण वाहायचं?

उत्तर आहे, बंजारा समाज.

तांडा म्हणजे काय?

आज तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती. पूर्वी तांडा म्हणजे चालता-फिरता बाजार. शेकडो, कधी हजारो बैल, प्रत्येकाच्या पाठीवर गोणी आणि सोबत अख्खं कुटुंब. समुद्रकाठचं मीठ आत आणायचं, छत्तीसगडसारख्या भागातलं धान्य बाहेर न्यायचं. रस्ता आणि मुक्काम ठरवायचा तांड्याचा नायक. ‘लमाण’ हे नाव ‘लवण’ म्हणजे मिठावरून आलं, असं मानलं जातं.

सैन्यालाही त्यांची गरज पडायची. १८०३ साली शिंदे-भोसल्यांविरुद्धच्या मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरवणाऱ्यांत बंजारेही होते.

मग बिनसलं कुठे?

१८८०च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे धावू लागली. जो माल पोचवायला बैलांना आठवडे लागायचे, तो आता एक-दोन दिवसांत पोचू लागला. देशभर हेच घडलं आणि तांड्याचा धंदा बसला.

त्यातच १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आला. सुरुवातीला तो उत्तर भारतापुरता होता, पुढे इतरत्रही लागू झाला. एका जागी न राहणारा माणूस इंग्रज सरकारला संशयित वाटायचा. यादीत नाव आलं की पोलिसांकडे हजेरी आणि गाव सोडायला परवानगी. अनेक ठिकाणचे बंजारे यात अडकले. ज्यांच्या धान्यावर फौजा पोसल्या, त्यांची मुलं जन्मतःच ‘गुन्हेगार’ ठरली.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला रद्द झाला. ‘विमुक्त’ हा शब्द तिथूनच आला.

जगात असं आणखी कुणासोबत घडलं?

सहारा वाळवंटातले तुआरेग घ्या. माली, नायजर, अल्जीरिया, लिबिया, बुर्किना फासो अशा देशांत ते विखुरलेत. तेही मिठाचे वाहक, फक्त बैलांऐवजी उंट. ताउदेनीच्या खाणीतलं मीठ टिंबक्टूला न्यायचं, हा त्यांचा जुना मार्ग. तिथे चेहरा झाकतात ते पुरुष. निळीत रंगवलेल्या कापडाचा रंग अंगाला लागतो, म्हणून त्यांना ‘निळे लोक’ म्हणतात. तंबूची मालकी बाईकडे असते.

त्यांच्या वाटा आधी फ्रेंचांनी आणि मग नव्या देशांच्या सीमांनी तोडल्या. उंटांची बरीचशी जागा ट्रकनं घेतली.

बंजाऱ्यांचं काय टिकलं?

बरंच काही. फेटिया-कांचळीवरचं आरशांचं भरतकाम. श्रावणात टोपलीत गहू पेरून मुली साजरी करतात ती तीज. होळीची लेंगी गीतं. १५ फेब्रुवारीला सेवालाल महाराजांची जयंती. वाशिम जिल्ह्यातलं पोहरादेवी हे त्यांचं मोठं तीर्थक्षेत्र, तिथे २०२४मध्ये बंजारा विरासत संग्रहालयही सुरू झालं. १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक याच समाजाचे.

मग आज प्रश्न काय आहे?

पहिला प्रश्न भाषेचा. तुआरेगांकडे स्वतःची तिफिनाग लिपी आहे. गोरबोलीला अशी लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगूत, कर्नाटकात कन्नडमध्ये. बोलणारे एकमेकांचं ऐकून समजतात, पण लिहिलेलं वाचू शकतीलच असं नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतही तिला जागा नाही.

दुसरा प्रश्न कागदाचा. हाच समाज तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि महाराष्ट्रात विमुक्त जाती. म्हणजे आजोबांचा तांडा कुठल्या राज्यात थांबला, त्यावर नातवाची सवलत ठरते.

तिसरा प्रश्न पोटाचा. दिवाळीच्या आसपास मराठवाड्यातले अनेक तांडे रिकामे होतात, कारण माणसं ऊसतोडीला जातात. प्रवास अजूनही चालूच आहे. फरक एवढाच की पूर्वी वाटही त्यांची होती आणि व्यापारही त्यांचाच. आता कोयता घेऊन दुसऱ्याच्या फडात जावं लागतं, आणि सोबत गेलेल्या मुलांची शाळा तेवढे महिने मागेच राहते.