आदिप्रकाश आणि धूळ

पणतीचा उजेड अंगणापुरता. पण साऱ्या विश्वात भरून राहिलेला एक प्रकाश असा आहे की, तो आपल्या डोळ्यांना मुळीच दिसत नाही. विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचे असताना तो मोकळा सुटला आणि जवळजवळ १३८० कोटी वर्षांच्या प्रवासात थंडावून त्याच्या सूक्ष्मलहरी झाल्या. अमेरिकेतील न्यू जर्सी येथे पेंझियस व विल्सन यांना कर्ण्याच्या आकाराच्या एरियलमध्ये एक चिवट खरखर आढळली. आतील कबुतरांची घाण काढली, तरी ती हटेना! ती खरखर म्हणजेच हा आदिप्रकाश, हे १९६५ साली जगाला कळले.

प्रकाशलहरीचे कंपन सर्व दिशांना सारखे न होता एका दिशेला अधिक झाले, म्हणजे त्यास ध्रुवीकरण म्हणतात. तळ्याच्या पाण्यावरून परतणारी तिरीप अशीच असते. मुक्त इलेक्ट्रॉनांवर आदळून विखुरलेला आदिप्रकाशही किंचित ध्रुवित असावा, असे मार्टिन रीस यांनी १९६८ साली सुचविले. परंतु ते मोजावे कसे? या प्रकाशाचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम २.७ अंश, आणि ध्रुवीकरणाची खूण एका अंशाच्या काही दशलक्षांशांएवढी!

हवेतील बाष्प या कामी मोठा अडथळा. म्हणून शास्त्रज्ञांनी दक्षिण ध्रुव गाठला. सुमारे २,८०० मीटर उंचीवरचे ते बर्फाचे पठार, कोरडी हवा आणि सहा महिन्यांची रात्र! तेथे जॉन कार्लस्ट्रॉम यांच्या पथकाने १३ लहान एरियलांच्या यंत्राने आकाश न्याहाळले आणि २००२ साली ध्रुवीकरण सापडल्याचे जाहीर केले. चौतीस वर्षांपूर्वीचे अनुमान खरे ठरले.

पुढचा प्रश्न अधिक गहन होता. विश्वाच्या पहिल्या क्षणी गुरुत्वलहरी उठल्या असतील, तर ध्रुवीकरणाच्या नक्षीत भोवऱ्यासारखा पीळ दिसावा. १७ मार्च २०१४ रोजी ध्रुवावरील ‘बायसेप-२’च्या पथकाने तो पीळ सापडल्याची घोषणा केली. जगभर आनंदीआनंद झाला. परंतु आपल्याच आकाशगंगेतील धूलिकणही तसाच पीळ उमटवितात. युरोपच्या ‘प्लांक’ उपग्रहाने ती धूळ मोजली होती. दोन्ही पथकांनी आपापली मापे एकत्र मांडली, तेव्हा २०१५ च्या आरंभी स्पष्ट झाले की, गुरुत्वलहरींचा पुरावा त्यात उरत नाही.

कबुतरांच्या घाणीवर संशय घेतला, तेव्हा हाती आदिप्रकाश लागला. आदिप्रकाशाचे गूढ उकलले असे वाटले, तेव्हा हाती धूळ आली. तथापि त्या धुळीचे माप आता ठाऊक आहे. ते वजा करून उरलेल्या प्रकाशात तो पीळ शोधण्याचे काम ध्रुवावरच्या दीर्घ रात्रीत चालूच आहे.