जड-फेर्मिऑन अतिसंवाहकता

सिरियम, युरेनियम यांसारख्या मूलद्रव्यांच्या काही धातुरूप संयुगांत अतिनीच तापमानाला आढळणारी अतिसंवाहकता. या संयुगांत एफ-कवचातील इलेक्ट्रॉन संवाहक इलेक्ट्रॉनांत मिसळतात आणि त्यांचे परिणामी वस्तुमान मुक्त इलेक्ट्रॉनाच्या शेकडो पट होते. सिरियम, तांबे व सिलिकॉन यांचे १:२:२ प्रमाणातील संयुग सुमारे ०.५ केल्विनला अतिसंवाहक होते, असे फ्रँक श्टेग्लिश व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाखवले, तेव्हा त्यावर सहजासहजी विश्वास बसला नाही. चुंबकीय अणू अतिसंवाहकतेला मारक, हाच तोवरचा अनुभव होता. लँथॅनममध्ये सुमारे १ टक्का गॅडोलिनियम मिसळले तरी ती नाहीशी होते. येथे मात्र चुंबकीय सिरियम जालकभर आहे आणि त्याच्या जागी अचुंबकीय लँथॅनम असलेले संयुग अतिसंवाहक होत नाही. शिवाय संक्रमणाच्या वेळी विशिष्ट उष्णतेत येणारी उडी जड इलेक्ट्रॉनांच्या प्रचंड विशिष्ट उष्णतेच्याच तोडीची असल्याने अतिसंवाहकता घडवणाऱ्या इलेक्ट्रॉन-जोड्या याच जड इलेक्ट्रॉनांच्या जमतात, हे स्पष्ट झाले.

यावरून असे मानणे सयुक्तिक ठरते की, जोड्या जुळवणारे आकर्षणच येथे चुंबकत्वातून येते. सर्वांत बोलका पुरावा केंब्रिज येथील १९९८ च्या प्रयोगांचा आहे. सिरियम व इंडियम यांच्या १:३ संयुगात १० केल्विनखाली प्रतिलोहचुंबकीय क्रम असतो. दाब वाढवला की तो क्षीण होत जातो आणि सुमारे २५,००० बार दाबाला मावळतो. नेमक्या त्याच अरुंद पट्ट्यात, सुमारे ०.२ केल्विनला, अतिसंवाहकता उद्भवते. क्रम मोडण्याच्या बेतात असताना चुंबकीय आंदोलने सर्वांत प्रबळ असतात, म्हणून ही जागा योगायोगाची वाटत नाही. सिरियम-तांबे-सिलिकॉन संयुगावरील न्यूट्रॉन प्रकीर्णनातून २०११ मध्ये आढळले की, चुंबकीय विनिमय ऊर्जेतील बचत अतिसंवाहक अवस्थेच्या निव्वळ ऊर्जालाभाच्या दहापटीहून अधिक आहे.

याच संयुगात अधिक दाबाला, चुंबकीय सीमेपासून दूर, संक्रमण तापमान २ केल्विनच्या आसपास चढते, हा मोठा आक्षेप आहे. परंतु सिलिकॉनच्या काही भागाऐवजी जर्मेनियम घातल्यावर अतिसंवाहकतेचे दोन स्वतंत्र प्रदेश दिसले: एक चुंबकीय सीमेवर, दुसरा सिरियमची संयुजा बदलते त्या दाबाजवळ. म्हणजे दुसरी यंत्रणा असली, तरी ती पहिलीला खोडून काढत नाही. अतिसंवाहक अवस्थेतील ऊर्जा-अंतर (जोडी मोडण्यास लागणारी ऊर्जा) कोठेही शून्य होत नाही, हा अलीकडच्या विशिष्ट उष्णता मापनांचा निष्कर्षही चुंबकीय जोडणीच्या विरोधात जात नाही. अशा जोडणीला अंतराचे चिन्ह बदलणे आवश्यक असते, पण अंतर शून्य न होताही फेर्मी पृष्ठाच्या निरनिराळ्या भागांवर ते चिन्ह उलट असू शकते. मात्र चुंबकीय सीमा गाठली की अतिसंवाहकता येतेच असे नाही. सिरियम-तांबे-सोने यांच्या संयुगांत ती आढळलेली नाही. म्हणून कोणत्या जालकात चुंबकीय आंदोलने जोड्या जुळवतात आणि कोणत्यात इलेक्ट्रॉनांना नुसतीच विखुरतात, याचे उत्तर देणे हीच या सिद्धांताची खरी कसोटी आहे.