दगडीपाला: पोथीत नसलेलं औषध

लालबागच्या जुन्या भिंतींच्या कडेला, लांब देठावर एकच फूल, पांढुरक्या पाकळ्या, मध्ये पिवळं, असं एक रोपटं उगवतं. हा दगडीपाला, कुणी एकदांडी म्हणतं. कोकणातून, घाटावरून गिरणीत आलेल्यांच्या गावाकडचा हा घरगुती उपाय: विळा लागला की पाला चुरगळायचा, रस जखमेवर पिळायचा, रक्त थांबतं. गंमत म्हणजे हे झाड मूळचं अमेरिकेतलं. चरक-सुश्रुतांना ते ठाऊकच नव्हतं. म्हणजे हे ज्ञान पोथीतून नाही, राबणाऱ्या हातांनी अनुभवातून मिळवलं. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, टॉवर आले. दगडीपाला फटीतही जगेल, ओळखणारे मात्र कमी होतायत. घरच्या आजीला आजच विचारा.