मुंबईला आलेल्या दोन क्रूझर

दुसरे महायुद्ध म्हटले की नाशिककरांना देवळालीची छावणी आठवते आणि मुंबईकरांना १४ एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट. त्याआधी, १९४२ च्या पूर्वार्धात, अमेरिकेच्या ब्रुकलिन वर्गातील दोन क्रूझर नौका मुंबईला येऊन गेल्या, हे फारसे कोणाच्या स्मरणात नाही. एक ‘बॉइसी’, दुसरी ‘फीनिक्स’.

या वर्गाला ‘हलक्या’ क्रूझर म्हणत; पण हा हलकेपणा वजनाचा नव्हे. १९३० च्या लंडन करारानुसार ज्यांच्या तोफांचे तोंड ६.१ इंचांहून मोठे नाही, त्या हलक्या. या कलमाचा फायदा घेत जपानने पंधरा तोफांची ‘मोगामी’ उभी केली. अमेरिकेचे उत्तर म्हणजे सुमारे दहा हजार टनांच्या, सहा इंची पंधरा तोफांच्या या नौका.

२१ जानेवारी १९४२ रोजी, आजच्या इंडोनेशियातील सापे सामुद्रधुनीत, नकाशात नसलेल्या खडकाने बॉइसीचा तळ फाडला. ती कोलंबोमार्गे मुंबईला आली आणि दुरुस्तीसाठी कॅलिफोर्नियाला गेली. मधल्या काळात सिंगापूर पडले, आणि २७ फेब्रुवारीला जावा समुद्रात दोस्तांच्या आरमाराची वाताहत झाली. खडक आडवा आला नसता तर बॉइसी बहुधा तिथेच असती.

फीनिक्सचे नशीब त्याहून बलवत्तर. पर्ल हार्बरच्या हल्ल्यातून ती सहीसलामत सुटली होती. जावाच्या पाडावाच्या सुमारास मालवाहू व सैनिकी जहाजांच्या एका काफिल्याला सोबत करत ती मुंबईला पोहोचली.

ऑक्टोबर १९४२ मध्ये ग्वादालकनालजवळच्या रात्रीच्या लढाईत बॉइसीवरचे १०७ जण मेले. दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत पोहोचलेली आग विझवली ती फुटलेल्या तळातून आत शिरलेल्या समुद्राच्या पाण्याने. फीनिक्स मात्र युद्ध संपेपर्यंत तरून गेली.

१९५१ मध्ये दोन्ही नौका अर्जेंटिनाने घेतल्या. वारंवार जखमी झालेली बॉइसी म्हातारी होऊन भंगारात गेली. सुदैवी फीनिक्सचे नाव पुढे ‘जनरल बेलग्रानो’ झाले. २ मे १९८२ रोजी, फॉकलंड युद्धात, ब्रिटिश पाणबुडीच्या दोन पाणतीरांनी ती बुडवली. ३२३ जण गेले. त्यांतले कित्येक सक्तीच्या लष्करी सेवेत आलेले कोवळे तरुण होते.

त्या दिवशी आपली ‘म्हैसूर’ ही महायुद्धातलीच जुनी ब्रिटिश क्रूझर अजून नौदलात होती. जुन्या नौका विकत घेणाऱ्या देशांना त्यांच्याबरोबर तोफा मिळतात. त्यांचे नशीब मात्र विकत मिळत नाही.