घिवलीच्या वाट्याची ३९ मिनिटे

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस आणि रात्र सारखी होतात, तेव्हा पालघर तालुक्यातल्या घिवलीच्या किनाऱ्यावर सूर्य बुडायला ६ वाजून ५० मिनिटे होतात. त्याच दिवशी कोलकात्यात तो पावणेसहालाच मावळलेला असतो. देश एक, घड्याळ एक, आणि संध्याकाळीत तब्बल तासाभराचा फरक. एप्रिल सरता सरता घिवलीचा सूर्यास्त सातवर येतो, त्यानंतरही वीसेक मिनिटे माणूस ओळखू यावा इतका उजेड राहतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतून पहिली पाळी आटोपून आलेल्याला घरी चहा घेऊन, थोडे लवंडून, पुन्हा समुद्रावर फेरी मारायला वेळ मिळतो. मुलांचे क्रिकेट चालू असते. वाळत घातलेले बोंबील काढून घ्यायला बायकांना घाई करावी लागत नाही.

अशी लांब संध्याकाळ मिळावी म्हणून युरोप-अमेरिकेत दर वसंतात घड्याळ एक तास पुढे करतात. ही कल्पना पद्धतशीरपणे प्रथम मांडली ती न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसनने, १८९५ मध्ये. वेलिंग्टनच्या टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या या माणसाला किडे गोळा करण्याचा नाद होता आणि कामावरून सुटल्यावर त्यासाठी उजेड हवा होता. १९०७ मध्ये लंडनच्या विल्यम विलेट या बांधकाम व्यावसायिकाने त्यावर पुस्तिका काढली, खासदारांच्या मागे लागला. तो १९१५ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी, ३० एप्रिल १९१६ रोजी, जर्मनीने युद्धात कोळसा वाचवण्यासाठी घड्याळे पुढे केली आणि तीन आठवड्यांत ब्रिटननेही तेच केले. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये मुले-नातवंडे असलेल्या मराठी घरांना या प्रथेची ओळख वेगळ्याच वाटेने झालेली आहे. मार्चमध्ये न्यू जर्सीशी असलेले साडेदहा तासांचे अंतर साडेनऊवर येते, लंडनचे साडेपाचवरून साडेचारवर, आणि रविवारच्या फोनची वेळ नव्याने ठरवावी लागते.

घिवलीत घड्याळाला कोणी हात लावत नाही. तरीही तिथे उजेडाची ही बचत बारा महिने चालू असते, आणि तिची कथा मुंबईच्या एका जुन्या भांडणात आहे.

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळची. घिवली आहे ७२.७ अंशांच्या आसपास. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. त्या हिशेबाने मिर्झापूरला सूर्य डोक्यावर आल्यावर घिवलीला यायला तो सुमारे ३९ मिनिटे घेतो. मुंबईचा रेखांश जवळपास तोच, त्यामुळे मुंबईची स्थानिक वेळही घिवलीच्या सूर्याशी मिनिटभराच्या फरकाने जुळत असे. ही वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. आज आपण ५ तास ३० मिनिटे पुढे आहोत. मधली ३९ मिनिटे सकाळमधून काढली आणि संध्याकाळीला जोडली.

मुंबईने ती सुखासुखी दिली नाहीत. आगगाड्या मद्रास वेळेवर धावत, आणि ती मुंबईच्या अर्धा तास पुढे होती. १८६४ मध्ये बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया (बीबीसीआय) रेल्वेचा मार्ग मुंबईला जोडला गेला होता, त्यामुळे पालघर-बोईसर पट्ट्यातही दोन वेळा नांदू लागल्या: रुळांवर एक, गावात दुसरी. गाडी पकडायची असेल तेवढ्यापुरती स्टेशनची वेळ मोजायची, बाकी सारे व्यवहार सूर्यावर. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने मद्रास वेळ मुंबईतल्या सरकारी कचेऱ्यांनाही लावली, तेव्हा मात्र शहर चिडले. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला विद्यापीठाचा राजाबाई टॉवर जेमतेम तीन वर्षांचा होता. त्याच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवायची यावर विद्यापीठात वाद झडला आणि कौल मुंबईच्या वेळेला मिळाला. १८८३ मध्ये सरकारने माघार घेतली.

दुसरा घाव व्हाइसरॉय कर्झनच्या काळातला. १ जुलै १९०५ पासून रेल्वे आणि तारखाते नव्या प्रमाणवेळेवर गेले, १ जानेवारी १९०६ पासून मुंबईच्या सरकारी कचेऱ्याही. नुकतीच बंगालची फाळणी झालेली, त्यात हा हुकूम. फिरोजशहा मेहतांसारखे पुढारी असलेल्या महापालिकेने त्याच वर्षी मुंबईची वेळ परत धरली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सोडली नाही. एका रस्त्यावरच्या दोन घड्याळांत ३९ मिनिटांचा फरक, आणि ठरलेली भेट कोणत्या वेळेने हे आधी विचारून घ्यायचे, असे चाळीसहून अधिक वर्षे चालले.

या प्रकरणात पुढाऱ्यांच्या ठरावांपेक्षा गिरणीकामगारांचा विरोध अधिक समजून घेण्यासारखा आहे. जानेवारी १९०६ च्या पहिल्याच आठवड्यात मुंबईच्या एका गिरणीतल्या कामगारांनी नव्या वेळेवर काम करायला नकार दिला, दगडफेक झाली. त्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले होते आणि मालक कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणू लागले होते. पूर्वी उजेड संपला की साचे थांबत. आता संध्याकाळ दिव्यांनी घेतली होती, आणि नवे घड्याळ पहाटही मागत होते. जानेवारीच्या थंडीत, अंधारात, ३९ मिनिटे आधी चाळ सोडायची आणि सुटका मात्र काळोखातच, हा सौदा त्यांना कबूल नव्हता. लांब संध्याकाळ ज्याला उपभोगता येते त्याच्यासाठीच ती लांब असते. विलेटच्या पुस्तिकेच्या एक वर्ष आधी मुंबईच्या कामगारांनी हे दाखवून दिले होते.

मग आले १९४२. महात्मा गांधींना ९ ऑगस्टला अटक झाली आणि १४ ऑगस्टला पालघरच्या कचेरीवर मोर्चा निघाला. किनाऱ्यावरच्या आणि आसपासच्या गावांतून माणसे चालत आली होती. गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. सातपाटी, मुरबे, नांदगाव ही त्यांच्यातल्या काहींची गावे. पालघरचा हुतात्मा चौक त्यांचा, आणि १४ ऑगस्टला पालघर आजही त्यांना मानवंदना देते. त्या घटनेला तीन आठवडेही झाले नव्हते, तोच १ सप्टेंबर १९४२ रोजी सरकारने युद्धासाठी साऱ्या देशाची घड्याळे एक तास पुढे केली. ती १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत तशीच राहिली. वसंतात पुढे आणि शरदात मागे हा विलायती प्रकार नव्हता. सलग तीन वर्षे, पावसाळा असो की थंडी.

या किनाऱ्यावर त्याचा अर्थ काय झाला, ते गणिताने सांगता येते. आधीच ३९ मिनिटे पुढे असलेले घड्याळ आता सूर्याच्या एक तास ३९ मिनिटे पुढे गेले. जूनमध्ये घिवलीचा सूर्यास्त ८ वाजून २० मिनिटांना, तर जानेवारीत सूर्योदय सव्वाआठला. ब्लॅकआऊटच्या दिवसांत दिवे न लावता संध्याकाळ निभावणे सोयीचे झाले असेल. पण पहाटेच्या गाडीने मुंबईला मासळी धाडणाऱ्यांची पहाट तासाभराने आणखी काळोखात गेली.

घड्याळाचे हे सारे हेलकावे एका गोष्टीला मात्र शिवले नाहीत. या पट्ट्यातली पारंपरिक मासेमारी डोल जाळीची. समुद्रात रोवलेल्या खांबांना नाहीतर नांगरांना बांधलेली ही लांबलचक पिशवी; तिचे तोंड प्रवाहाकडे असते, भरती-ओहोटीचे पाणी तिच्यातून वाहते आणि बोंबील, जवळा शेपटाकडे साचत जातो. पाणी मंदावले की जाळे उचलायचे. म्हणजे होडी कधी काढायची ते पाणी ठरवते. त्याचा हिशेब तोंडी होतो: तिथीला पाऊणने गुणायचे. चतुर्थीला पूर्ण भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊण तास त्याच्या अगदी जवळचा, म्हणून हे सूत्र कामचलाऊ असूनही पिढ्यान्‌पिढ्या टिकले. कामाची वेळ रोज बदलण्याची सवय असलेल्या समाजाला सरकारने घड्याळ फिरवल्याचे काय मोठे कौतुक वाटणार?

मराठी मुलखाची उन्हाळ्याशी जुळवून घेण्याची रीतही अशीच आहे. मार्चमध्ये शाळा सकाळच्या होतात आणि मुले ऊन चढण्याआधी घरी येतात. घड्याळ जागेवर राहते, घंटा सरकते. घिवलीच्या अक्षांशावर हेच शहाणपणाचे आहे. तिथला सर्वांत लहान दिवस ११ तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. लंडनमध्ये हेच आकडे आठ आणि साडेसोळा आहेत. तिथे उन्हाळ्यात पहाटे पावणेचारला उगवून वाया जाणारा सूर्य संध्याकाळी वळवता येतो. इथे वळवायला फारसे काही शिल्लक नाही.

तरीही प्रस्ताव येत राहतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतल्या दिलीप अहुजा आणि डी. पी. सेनगुप्ता यांनी प्रमाणवेळ कायमची अर्धा तास पुढे न्यावी असे सुचवले. संध्याकाळी घरोघरी एकदम दिवे लागतात, तो विजेचा भार त्यामुळे कमी होईल आणि वर्षाला अब्जावधी युनिट वाचतील, असा त्यांचा हिशेब. विजेचा हिशेब घिवलीला परका नाही: शेजारीच तारापूरचे अणुवीज केंद्र आहे, २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देणारे देशातले पहिले. आसाम-अरुणाचलासाठी, जिथे हिवाळ्यात साडेचारला अंधारते, हा प्रस्ताव न्याय्यच आहे. आसामच्या चहामळ्यांनी तर आपले घड्याळ कधीचेच तासभर पुढे ठेवले आहे.

पण पश्चिम किनाऱ्याने त्याची किंमत मोजायची ती जानेवारीत. आज घिवलीला तेव्हा सव्वासातनंतर उजाडते. मग पावणेआठला उजाडेल. बोईसरहून चर्चगेटची लोकल धरणारे, सातच्या पाळीला पोचणारे, सगळे आणखी अर्धा तास अंधारात निघतील. शाळांचा अनुभव तर ताजा आहे. मुलांची झोप अपुरी होते म्हणून महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. घड्याळ अर्धा तास पुढे गेले, तर सूर्याच्या मापाने हे नऊ पुन्हा साडेआठ होतील आणि शिक्षण खात्याला नवा आदेश काढावा लागेल.