वेळनिश्चित प्रवेश (मावळ व लोणावळा)

संग्रहालय, लेणे, गड किंवा तशाच एखाद्या स्थळी ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळेतच आत सोडण्याची तिकीटपद्धत. तिकीट बहुधा आधीच, घरबसल्या मोबाइलवर काढतात आणि त्यावर तारखेच्या जोडीला वेळही असते. बोलण्यात मात्र हा शब्द कोणी वापरत नाही. ‘स्लॉट मिळाला का?’ एवढेच विचारतात. आगाऊ बुकिंग आणि स्लॉट या दोन गोष्टी सर्रास एकच धरल्या जातात, पण त्या वेगळ्या आहेत. आगाऊ बुकिंगने खिडकीवरची रांग वाचते, आतली गर्दी होती तेवढीच राहते. स्लॉटने तीच गर्दी दिवसभराच्या तासांवर वाटली जाते. मावळातल्या लेण्यांवर पहिली सोय झाली आहे, दुसरी नाही.

पूर्वपीठिका. पद्धत वाटते तेवढी नवी नाही. लंडनचे ब्रिटिश म्युझियम १५ जानेवारी १७५९ रोजी खुले झाले तेव्हा प्रवेश फुकट होता, पण आधी लेखी अर्ज करावा लागे, मग नेमून दिलेल्या दिवशी व वेळी लहान तुकडीने आत जाता येई. त्या काळी हेतू गर्दी आवरण्याचा कमी आणि कोण येतो हे पारखण्याचा जास्त होता. पुढे कारणे बदलली. मिलानमध्ये लिओनार्दोचे ‘अखेरचे भोजन’ हे भित्तिचित्र पाहायला एका तुकडीला १५ मिनिटे मिळतात, कारण माणसांच्या श्वासातला दमटपणा आणि अंगावरची धूळ त्या रंगांना सोसत नाही. रोमच्या बोर्गेझे कलादालनात दोन तासांची पाळी असते. ती संपली की सगळ्यांनी बाहेर पडायचे.

भारतात या पद्धतीचा सर्वांत काटेकोर नमुना ताजमहालाच्या रात्रदर्शनाचा. पौर्णिमा आणि तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन-दोन रात्री, ५० जणांची एक तुकडी, प्रत्येकीला अर्धा तास, रात्रीतून जास्तीत जास्त आठ तुकड्या. दिवसाच्या तिकिटालाही १ एप्रिल २०१८ पासून तीन तासांची मर्यादा घातली गेली. महाराष्ट्रात ही पद्धत संग्रहालयापेक्षा मोकळ्या जागेत लवकर रुजली. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा आणि ऑनलाइन बुकिंग आहे, आणि तिथली व्यवस्था आसपासच्या गावांच्या समितीकडे आहे. मुंबईत मलबार हिलवरची लाकडी निसर्गवाट २०२५ च्या गुढीपाडव्याला खुली झाली, ती पहिल्या दिवसापासून स्लॉटवरच.

मावळातली स्थिती. लोणावळ्यात संग्रहालय या नावाखाली मुख्यतः मेणाच्या पुतळ्यांची दालने येतात. तिथे खिडकीवर पैसे दिले की आत. पुतळ्याशेजारी फोटो काढायला जी काय रांग लागेल तीच. तालुक्याचे खरे संग्रहालय कातळात आहे : कार्ले, भाजे आणि बेडसे ही लेणी, लोहगड आणि विसापूर हे गड. यांतली कार्ले आणि भाजे ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची सशुल्क स्थळे. २०१८ च्या दरपत्रकानुसार अशा दुसऱ्या वर्गातल्या स्मारकांना भारतीयांसाठी रोख २५ रुपये, ऑनलाइन २० रुपये. परदेशी पाहुण्यांना अनुक्रमे ३०० आणि २५०. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. बेडशाला तिकीटच नाही. पायऱ्या चढून वर जायचे.

ऑनलाइन तिकीट म्हणजे प्रत्यक्षात काय, ते चढावर कळते. खिडकीजवळच्या फलकावर चौकटीचा कोड असतो. माणसे धापा टाकत तिथवर येतात, एकाच्या मोबाइलला रेंज नसते, दुसऱ्याच्या स्क्रीनवर पावसाचे थेंब, तिसरा सगळ्यांची नावे भरता भरता ‘तुझं वय किती टाकू?’ असे ओरडून विचारतो. माणशी पाच रुपये वाचवण्यासाठी दहा मिनिटे जातात आणि मागची रांग वाढते. ज्याने हेच काम आदल्या रात्री घरी केले तो मोबाइल दाखवून पुढे जातो. पण तिकिटावर दिवस असतो, तास नसतो. रविवारी अकराला आलेला आणि चारला आलेला यांच्यात ते तिकीट काहीच फरक करत नाही, आणि रविवारी बहुतेक सगळे अकरालाच येतात.

स्लॉटच्या सर्वांत जवळ ही स्थळे आली ती करोनात. पुरातत्त्व खात्याची स्मारके १७ मार्च २०२० पासून बंद झाली आणि ६ जुलैला देशात उघडू लागली तेव्हा खिडक्या बंद ठेवून फक्त ई-तिकिटाची अट होती; कोणते स्मारक केव्हा उघडायचे हे तिथल्या प्रशासनावर सोपवले होते. ताजमहाल २१ सप्टेंबरला उघडला तो दिवसाला ५,००० माणसे, दोन पाळ्यांत निम्मी निम्मी, अशा हिशेबाने. साथ सरली, खिडक्या पुन्हा उघडल्या आणि तासांचा विचार बाजूला पडला. ऑनलाइन तिकीट मात्र टिकले.

कार्ले. या नोंदीतला अवघड भाग इथला आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या तोंडाशीच एकवीरा आईचे देऊळ आहे. वेहेरगावच्या डोंगरावर साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या चढून येणाऱ्यांत कोळी, आगरी आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घराण्यांची माणसे मोठ्या संख्येने असतात. ती कुलदैवताच्या दर्शनाला आलेली असतात, शिल्प पाहायला नव्हे. चैत्रातली यात्रा आणि नवरात्र यांत तर डोंगर भरून जातो. ओटीचे ताट, नारळ, हिरवी साडी, कडेवर जावळ काढायला आणलेले पोर, एखाद्याच्या हातात कोंबडा, मध्येच बँडबाजा. दोन्ही बाजूंना लिंबू सरबत आणि मीठ-तिखट लावलेली काकडी. दर्शनाला तिकीट नाही आणि लेण्याला आहे. एकाच कातळावर, काही पावलांच्या अंतरावर, दोन वेगळ्या रांगा चालतात, एक दर्शनबारी आणि दुसरी तिकिटाची. करोनाच्या काळात तर दोन्हींना वेगवेगळे हुकूम लागू होते : राज्यातली देवळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, पाडव्याला उघडली, तर लेण्यांचा निर्णय पुरातत्त्व खाते आणि जिल्हा प्रशासन यांच्याकडे.

अशा जागी स्लॉट लावला तर तो कोणाला लागू होणार? तिकीट काढणाऱ्याला तास ठरवून दिला तरी पायरीवर त्याच्या पुढे-मागे असलेल्या भक्ताला तास नाही. गर्दी पायऱ्यांवर आणि देवळापुढच्या चौथऱ्यावर होते, चैत्यात नव्हे. चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब, ३७ खांबांचे, आणि एवढे उंच की शंभर माणसे आत शिरली तरी ती खांबांमागे विरून जातात. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने तिथल्या लेखात हे जंबुद्वीपातले सर्वोत्तम शैलगृह म्हणून नोंदवले आहे, आणि त्यात बढाई फारशी नाही. खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची नावे दानकर्ते म्हणून आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी ही वास्तू उभी राहिली तीच मुळी घाट उतरून-चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वर्दळीवर. गर्दी हा तिथला नवा पाहुणा नाही. कार्ल्यात वेळ नेमायची असेल तर ती यात्रेच्या दिवसांत पायथ्याशी, गाडीतळावर नेमावी लागेल. वर नेमून उपयोग नाही.

भाजे. २२ लेण्यांचा हा समूह त्याहून जुना, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासूनचा. चैत्याची दर्शनी लाकडी भिंत केव्हाच गेली आहे, त्यामुळे आतला स्तूप बाहेरूनच दिसतो आणि दाराशी कोंडी होत नाही. कोंडी होते ती टोकाच्या विहारात, रथारूढ सूर्य आणि ऐरावतावरचा इंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिल्पांपाशी. दहा माणसे एकदम आली की मागच्याला सूर्य दिसत नाही. तिथे स्लॉटची गरज नाही, ‘पुढचे चला’ म्हणणारा एक रखवालदार पुरतो.

लोहगड. वेळनिश्चित प्रवेश मावळात कुठे शोभत असेल तर लोहगडावर. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने जे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले त्यांत लोहगड आहे. वाट एकच : लोहगडवाडीतून पायऱ्या, मग गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा आणि महादरवाजा, असे एकामागून एक नागमोडी. शत्रूची तुकडी एकदम वर येऊ नये, वळणावळणावर ती अडावी, म्हणूनच ही रचना केलेली. २०२३ च्या पावसाळ्यात एका रविवारी याच पायऱ्यांवर माणसे दाटीने अडकून पडली. वरच्यांना उतरता येईना, खालच्यांना चढता येईना, आणि त्या दृश्याचे व्हिडिओ घरोघर पोहोचले. बांधणाऱ्यांचा हिशेब शेकडो वर्षांनी बरोबर ठरला, एवढेच की या वेळी अडली ती छत्र्या घेतलेली माणसे.

गडाला वेळ पाळणे परके नाही. सूर्यास्ताला दरवाजे बंद, उजाडल्यावर उघडे, हा गडांचा शिरस्ताच होता. रायगडाच्या हिरकणीची गोष्ट प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते : दरवाजे मिटले म्हणून दूध विकायला आलेली आई तान्ह्यासाठी कडा उतरून गेली. ती दंतकथा असली तरी तिच्यातला नियम खरा आहे. आज लोहगडाला हवा आहे तो या नियमाचा उलटा अर्धा भाग. किती वाजता बंद, हे फलकावर लिहिता येते. एका तासात किती जण वर सोडायचे, हे कोणी मोजत नाही. आणि मोजणी गणेश दरवाजाशी सुरू करून चालणार नाही, कारण तोवर माणूस पुण्या-मुंबईहून येऊन, गाडी लावून, अर्धा भिजलेला असतो. त्याला तिथून परत पाठवणे म्हणजे वादाला आमंत्रण. ती भाजे गावाच्या अलीकडे व्हायला हवी किंवा आदल्या दिवशी, मोबाइलवर.

यात लोहगडवाडी आणि भाजे या गावांचा प्रश्न आहे. पावसाळ्यातले आठ-दहा शनिवार-रविवार म्हणजे तिथल्या पिठले-भाकरीच्या, भजी-चहाच्या आणि गाडीतळाच्या धंद्याचे वर्ष. माणसांवर मर्यादा आली तर पहिली झळ चुलीला बसते. कासला मर्यादा पचली त्याचे एक कारण तिकिटाचे पैसे आणि कामे गावांच्या समितीतून जातात हे आहे. मावळात तिकीट केंद्राचे आणि गर्दीचा त्रास गावाचा, अशी वाटणी आहे.

पाणवठे. तिकीट नसलेल्या जागी वेळेचा नियम पोलीस आणि जिल्हाधिकारी करतात. रेल्वेने वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलेले भुशी धरण भरून वाहू लागले की त्याच्या पायऱ्यांवर बसायला सारे लोणावळा लोटते. ३० जून २०२४ रोजी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवर कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळून चार जण गेले. दोन्ही दिवस रविवार, दोन्ही घटना दुपारच्या. पहिल्या दुर्घटनेनंतर पावसाळी स्थळांवर प्रतिबंधक आदेश आणि संध्याकाळनंतर बंदी आली. बंदी आणि स्लॉट यांत फरक हा की बंदी सगळ्यांना एकदम लागू होते, त्यामुळे तिच्याआधीच्या तासांत गर्दी आणखी दाटते. कुंडमळ्याच्या पुलावर धोक्याचा फलक होता; एका वेळी किती जण, हे मोजणारे कोणी नव्हते.

घाट, लोकल आणि ऊन. बाहेरून येणाऱ्याने मावळात वेळ ठरवून पोहोचणे हीच मोठी अडचण. मुंबईकराचा स्लॉट खंडाळ्याच्या घाटात वाहनांच्या रांगेत संपू शकतो. पुण्याहून लोकलने मळवलीला उतरणे सर्वांत सोपे, पण दुपारी पुणे-लोणावळा लोकलला मोठा खंड असतो. सकाळची गाडी चुकली तर दिवसच हुकतो. म्हणून इथे तासाभराचा स्लॉट उपयोगाचा नाही. सकाळ आणि दुपार अशा दोन पाळ्याच झेपतील, आणि उशीर झालेल्याला सकाळचे तिकीट दुपारी चालले पाहिजे.

तसे झाले तर पाळी निवडताना ऊन पाहावे. कार्ल्याच्या आणि भाज्याच्या चैत्यांचे तोंड पश्चिमेला आहे. सकाळी आत अंधार असतो, डोळे सरावेपर्यंत स्तूप नुसता ढिगासारखा दिसतो. दुपार कलली की कमानीतून उजेड आत घुसतो आणि कार्ल्याच्या छताच्या मूळ लाकडी फासळ्या एकेक करून मोजता येतात. कार्ले संध्याकाळी पाचला बंद होते, तेव्हा साडेतीन ते पाच हा तिथला खरा स्लॉट. बेडसे पूर्वेकडे तोंड करून आहे. तिथे दर्शनी खांबांवरच्या घोडे-हत्तींवर ऊन येते ते सकाळी, कामशेतहून पहिली जीप पकडली तर. आणि नऊ-साडेनऊनंतर ते हळूहळू ओसरीतून मागे सरकू लागते.